मृत्युपत्र करायला सोबत

मरण्याचा माझा अजिबात विचार नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तब्येत बरी आहे, भूक लागते, आणि झोप तर अशी लागते की बायको त्याबद्दल माहेरी तक्रार करते. तरीसुद्धा मागच्या महिन्यात आमची बिल्डिंग, माझं ऑफिस आणि माझी सख्खी आई यांनी मिळून मला जवळजवळ पोचवलं होतं. खांदा कोणी द्यायचा एवढंच ठरायचं राहिलं होतं. आणि हे सगळं कशापायी, तर मला बाबांचं मृत्युपत्र करून घ्यायचं होतं.

बाबांचं करायचं होतं तर तू कसा मरायला लागलास, असं तुम्ही विचाराल. जरा थांबा, क्रमाने सांगतो. आमच्या घरात क्रमाला फार महत्त्व आहे.

बाबा पोस्टातले. आयुष्यभर खिडकीच्या आत बसून त्यांनी बाहेरची रांग बघितली, आणि जगात न्याय म्हणून जे काही आहे ते रांगेत आहे असं त्यांचं पक्कं मत झालं. रांग मोडणारा माणूस त्यांच्या लेखी चोराच्या एक पायरी खाली. चोराला निदान लाज असते, असं ते म्हणतात. मी शाळेत असताना एकदा पाकीट घ्यायला पोस्टात गेलो. खिडकीत आपलेच वडील, म्हणून सरळ पुढे घुसलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मागून या." पोटच्या पोराला 'या'. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि माझा नंबर आला तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी झाली होती. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, पण दुधाच्या दुकानात कोणी पुढे घुसलं की तीच काठी आडवी येते.

तर हे बाबा मध्यंतरी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलमध्ये नेलं. आत डॉक्टर त्यांना तपासत होते आणि बाहेर एका नर्सने विचारलं, "यांच्या बाबतीत निर्णय कोण घेणार?" मी म्हणालो, "मी." त्याच क्षणी दुसऱ्या गावाहून धावत आलेली ताई म्हणाली, "मी." तिथून जे सुरू झालं ते काही सांगण्यासारखं नाही. मी म्हणालो, रोज त्यांच्याजवळ मी असतो. ती म्हणाली, म्हणूनच पडले. मग तिने माझ्या लग्नातलं काही काढलं, मी तिच्या लग्नातलं काढलं, आणि शेवटी नर्सने आम्हा दोघांनाही जिन्याकडे घालवलं. आई बाकावर बसून आमच्याकडे बघत होती. तोवर बाबा आत उठून बसले होते आणि माझा चष्मा कुठे आहे म्हणून विचारत होते, त्यामुळे निर्णय घ्यायची वेळ कोणावरच आली नाही. पण ताई जी घरी गेली ती माझ्याशी बोलेना. फोन करायची तो आईला आणि माझ्या बायकोला. मीही करेना. मला काय मान नाही?

"आज चक्कर होती," बायको म्हणाली. "उद्या खरंच काही झालं तर तुम्ही दोघं त्यांच्या उशाशी उभं राहून असेच भांडाल. आणि मग जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाही. बाबांचं बाबांनाच ठरवू दे. धड बसताउठता येतंय तोवर."

बोलली ते खरं होतं. बायकोचं खरं असलं की मला आधी राग येतो आणि मग उशिरा पटतं. तिने एका वकीलबाईंचं नावही काढून ठेवलं होतं. त्या म्हणे फक्त वयस्कर माणसांचीच कामं घेतात. आपल्यामागे कोणाला काय द्यायचं, हातपाय चालेनासे झाले तर व्यवहार कोणी बघायचे, शुद्ध नसली तर डॉक्टरांशी कोणी बोलायचं, हे सगळं माणूस शहाणा असतानाच लिहून ठेवतात. सोपं काम होतं. फक्त बाबांना सांगायचं होतं.

आता घोडं पेंड खातं ते इथेच. ज्या माणसाला मी आजवर "पंखा बंद करू का" हेसुद्धा दोनदा विचार करून विचारलं, त्याला "मृत्युपत्र कधी करताय" कसं विचारायचं? मी आडून आडून सुरुवात केली. इस्टेटीवरून भाऊ भाऊ कोर्टात गेल्याची बातमी पेपरात आली होती, ती मोठ्याने वाचली. "वाईट," बाबा म्हणाले, "आता हवामान वाच." मग ऑफिसातल्या एकाचे वडील कागदपत्रं न करताच गेले आणि घरच्यांचे किती हाल झाले, ते रंगवून सांगितलं. बाबांनी पूर्ण ऐकलं. "त्या मुलाने वडिलांकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं," म्हणाले. शेवटी नाक मुठीत धरून सरळ विचारलं, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "का? मी कुठे निघालोय?" विषय संपला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी एक चूक केली. सुप्रीम कोर्टाकडे गेलो.

सुप्रीम कोर्ट म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे काका. फाटकाजवळच्या बाकावर बसून ते कुठल्याही विषयावर निकाल देतात आणि त्याच्यावर अपील नसतं, म्हणून बिल्डिंगीने त्यांना हे नाव दिलं. त्यांना ते आवडतंसुद्धा. मी अडचण सांगितली.

"पहिली गोष्ट," सुप्रीम कोर्ट म्हणाले, "मृत्युपत्र केलं की माणूस जातो. आमच्या मेहुण्यांनी केलं आणि लगेच गेले."

"किती वर्षांचे होते?"

"शहाण्णव. तो मुद्दा नाही. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्या माणसाला 'तुमचं करा' म्हटलं की तो बिथरतो. तू सांग की तू तुझं करतोयस. सोबतीला चला म्हणावं. तिथे गेल्यावर तू सही करताना बघतील, वकीलबाई दोन शब्द बोलतील, आणि तुमचं करायचं का आजोबा म्हणून सहज विचारतील. काम फत्ते."

मला ही युक्ती आवडली. उंटावरच्या शहाण्याचा सल्ला उंटाखाली उभं राहून ऐकला की फार भव्य वाटतो. संध्याकाळी चहा पिताना मी शक्य तितक्या सहज आवाजात बाबांना म्हणालो, "मी माझं मृत्युपत्र करतोय. येता का सोबतीला?"

बाबांनी कप बशीत ठेवला. "का?"

"असंच."

त्या 'असंच'ने माझा घात केला. आमच्या घरात 'असंच' कोणी उगाच म्हणत नाही. ताईने लग्न परस्पर ठरवलं होतं तेव्हा ती 'असंच' म्हणाली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा बाबा 'असंच' म्हणाले होते. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्या पट्ट्याकडे बघितलं. मी नुकताच सकाळी फिरायला जायला लागलो होतो, थोडं पोट कमी झालं होतं, आणि त्या यशाची खूण म्हणून पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. "येतो," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले. चहा अर्धा तसाच.

बाबांनी आईला सांगितलं. आईने माझ्या बायकोला विचारलं. बायकोला मी युक्ती अजून सांगितलीच नव्हती, म्हणून ती खरं ते बोलली, "मला काही बोलले नाहीत हो." झालं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही म्हणजे केवढं मोठं दुखणं असेल. आई समोरच्या वहिनींकडे जाऊन रडली. समोरच्या वहिनींना एखादी गोष्ट सांगणं आणि गच्चीवर जाऊन ओरडणं यात फरक एवढाच, की गच्चीवरून मागच्या बाजूला नीट ऐकू जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक फळं घेऊन यायला लागले. मी दार उघडलं की आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्यामागे, पेशंट कुठे आहे म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे, आणि चेहरा पाडायचे. "मला काही झालेलं नाही," मी म्हणायचो. "असंच धीराने घ्यायचं," ते म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आमच्या जुन्या भांडणाची बाब, म्हणजे त्यांच्या गॅलरीतून आमच्या कपड्यांवर पडणारं पाणी, त्याबद्दल माझी माफी मागितली. मी इतकी वर्षं या माफीची वाट बघत होतो आणि ती मला अशी मेल्यावर मिळाली. पाणी अजून पडतं, ते वेगळं.

बायकोला मी लगेच सगळं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता बाबांना खरं सांगा." मी म्हणालो, "सांगितलं तर ते कधीच येणार नाहीत. दोन दिवस कळ काढ." हीच ती दुसरी चूक.

सुप्रीम कोर्टाला तरी खरं ठाऊक होतं, म्हणून मी मन मोकळं करायला खाली गेलो. त्यांनी माझा हात हातात घेतला. "मला सांगितलंस ते निमित्त होतं ना?" म्हणाले. "वडिलांचं नाव पुढे केलंस. मी तेव्हाच ओळखलं."

"अहो काका, युक्ती तुमचीच होती."

"हो रे," ते डोळे पुसत म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून किती जपतोयस."

ऑफिसात साहेबांनी बोलावून घेतलं आणि वार्षिक अहवालाची काळजी करू नका म्हणाले. त्या अहवालाची मी तशीही काळजी करत नव्हतो, पण साहेब करू नका म्हणाल्यावर करावीशी वाटली. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी दुपारी जवळ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच म्हणाला, "खिडकीजवळच्या या टेबलाचं काही ठरवलंत का?" मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. तोही रागावला नाही. मरणाऱ्याच्या बोलण्याचा राग धरत नाहीत.

आणि रात्री जेवायला बसलो तर ताईचा फोन. माझ्या फोनवर. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदाच. तिने आधी नाक ओढलं. मग म्हणाली, "जेवलास?"

"बसतोय."

"काय आहे ताटात?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, भाजीसकट. "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली. आवाज फुटला होता. मी म्हणालो, "ताई, मला खरंच काही झालेलं नाही." ती म्हणाली, "गप्प बस. मी येतेय." मला रडू आलं. खोटं सांगत नाही, ताट समोर ठेवून रडलो, आणि ते बघून आईची खात्रीच पटली.

वकीलबाईंच्या ऑफिसला मी आधी फोन केला होता. वयस्कर माणूस असेल तर सही करण्याइतकं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणलेला बरा, असं तिथल्या कारकूनबाईंनी सांगितलं. म्हणून बाबांना घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मला दाखला हवाय असंच बाबांना सांगितलं होतं. खुर्चीत बसल्यावर मी डॉक्टरांना डोळ्याने खूण केली, की दाखला बाबांचा हवाय. डॉक्टरांनी टॉर्च काढून माझा डोळा तपासला. मी पुन्हा खूण केली. "हे कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. मग माझीच परीक्षा सुरू झाली. आज वार कोणता? मी गोंधळून चुकीचा सांगितला. तारीख? मागून बाबांनी सांगितली. शंभरातून सात वजा करत जा. मी पहिल्या वजाबाकीनंतर अडकलो, बाबा मागे बसून दोनपर्यंत जाऊन आले. डॉक्टर विचारात पडले. "असं करू," म्हणाले, "बाबांना दाखला आत्ताच देतो. तुम्ही आराम करून पुन्हा या."

म्हणजे हवा तो दाखला मिळाला. माझ्या अब्रूचं जे झालं ते झालं. बाबांनी कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत दोनदा हात लावून बघितला.

आता राहिले साक्षीदार. सुप्रीम कोर्ट आणि समोरच्या वहिनी दोघंही तयार झाले. फक्त ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी सांगितल्यावर सुप्रीम कोर्टाचा चेहरा उतरला. "म्हणजे मला तू काहीच ठेवणार नव्हतास?" म्हणाले. "मला काही नको रे. पण ती तुझी घडीची शिडी." आमच्याकडे एक घडीची शिडी आहे. बिल्डिंगीत दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि ती घरी कमी असते आणि लोकांकडे जास्त. वहिनी म्हणाल्या, शिडीबद्दल त्यांचाही विचार होता. मी म्हणालो, साक्षीदार की शिडी, एक काय ते निवडा. सुप्रीम कोर्टाने बराच वेळ आकाशाकडे बघितलं आणि शिडीवर पाणी सोडलं. एवढा मोठा त्याग त्यांनी आयुष्यात केला नसावा. मला स्वतःच्या खोटेपणाची लाज वाटली.

ठरलेल्या दिवशी आम्ही सात जण वकीलबाईंच्या ऑफिसात शिरलो. मी, बायको, बाबा, आई, सकाळीच आलेली ताई आणि दोन साक्षीदार. ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, जिना अरुंद. पण आत सगळं विचार करून मांडलेलं. खुर्च्या उंच आणि हाताच्या, उठताना आधार मिळावा म्हणून. टेबलावर एका परडीत वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे. आणि दारात कारकूनबाई प्लास्टिकचे बिल्ले देत होत्या. नंबराचे. बाबांनी तो बिल्ला उलटसुलट करून बघितला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा निवळला.

माझा नंबर पुकारला. आम्ही सगळे उठलो. "फक्त ज्यांचं काम आहे ते," कारकूनबाई म्हणाल्या. "घरचे बाहेर." सुप्रीम कोर्ट काहीतरी बोलणार होते, पण इथे त्यांच्याही वरचं कोर्ट होतं.

वकीलबाई चाळिशीच्या, आवाज खणखणीत. दार बंद झाल्यावर मी सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "फसवून आणलेल्या माणसाचं काम मी करत नाही," म्हणाल्या. "इथे मुलं आईवडिलांना हाताला धरून आणतात. मी मुलांना बाहेर बसवते आणि म्हाताऱ्या माणसाला विचारते, तुम्हाला काय हवंय? पुष्कळांना हे कोणी वर्षानुवर्षं विचारलेलंच नसतं. तुमच्या वडिलांना तुम्ही विचारलंत?"

"विचारलं ना. मृत्युपत्र कधी करताय म्हणून."

"हे विचारणं नव्हे, घाई करणं झालं. बरं, भेट तुमच्या नावाने आहे. मग तुमचंच करू." त्यांनी पेन उचललं. "उद्या तुम्ही बेशुद्ध झालात तर डॉक्टरांशी कोणी बोलायचं?"

"बाबा," मी म्हणालो.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षांचे आहेत?"

"ब्याऐंशी."

"आणि तुम्ही?"

"पंचावन्न." मलाच माझं ऐकून कसंतरी झालं. बायको आहे, तिच्यासारखी शहाणी बाई दुसरी नाही. पण तोंडातून आपोआप बाबाच निघाले. त्यांचं ठरवायला कोणी तरी नेमावं म्हणून महिनाभर ही सगळी खटपट केली, आणि माझं ठरवायला मला अजून तेच हवे होते.

"बाहेर जा आणि त्यांना खरं सांगा," वकीलबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज जरा मऊ होता. "त्यानंतर त्यांना यावंसं वाटलं तर येतील. नाही आले तर नाही. तो त्यांचा हक्क आहे."

मी दार उघडलं. दारातच बाबा उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डॉक्टरांचा दाखला. मला बाजूला करून त्यांनी सरळ आत बघितलं. "मॅडम," म्हणाले, "आधी माझं करा."

"आजोबा, नंबर यांचा आहे," मागून कारकूनबाई म्हणाल्या.

"नाही," बाबा म्हणाले. "माझा आहे. मी याच्या सत्तावीस वर्षं आधीपासून उभा आहे. हा माझ्या मागचा. याला मध्ये घुसू द्यायचं नाही." त्यांनी दाखला पुढे धरला. "आयुष्यभर मी रांग मोडू दिली नाही. ही तर मुळीच मोडू देणार नाही. आधी मी. मग याची आई, मग याची ताई, मग हा."

"माझा नंबर माझा मी बघीन," आई बसल्या जागेवरून म्हणाली. पण तिने पदर डोळ्याला लावला होता.

"बाबा," मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही. खरंच काही नाही. तुम्ही यावं म्हणून खोटं बोललो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. माझ्यावर नाही, तिच्या मानेवर त्यांचा विश्वास बसला. ते हळूच जवळच्या उंच खुर्चीत बसले. ताईने पर्स उचलून माझ्या पाठीत घातली. एकदा नाही. सुप्रीम कोर्ट वहिनींना म्हणाले, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"पट्टा?" बाबांनी विचारलं.

"फिरायला जातो मी."

"सांगायचं नाही?" एवढंच बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उठवलं, दाखला सरळ केला आणि वकीलबाईंकडे वळले. "तरीही नंबर माझाच आधी आहे," म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ते आत खूप वेळ होते. मध्येच हसण्याचा आवाज आला, दोघांचा. मी आणि ताई एका बाकावर बसलो होतो. "मूर्ख," ती म्हणाली. मी म्हणालो, "हो." मग तिने पर्समधून शेंगदाणे काढले आणि आम्ही ते खात बसलो. लहानपणी दोघांनाही शिक्षा झाली की असेच बसायचो.

नंतर वकीलबाईंनी आम्हाला आत बोलावलं. बाबांची परवानगी घेऊन त्यांनी सांगितलं. आई आहे तोवर घर आईचं, तिला तिथून कोणी हलवायचं नाही, आणि हा नियम माझ्या बायकोने सांभाळायचा, कारण घरात एकदा ठरलं की न बदलणारी तीच एक आहे. व्यवहार मी बघायचे. आणि बाबांना शुद्ध नसली तर डॉक्टरांशी बोलायचं ताईने.

मला लागलं. खोटं कशाला बोलू. "का?" मी विचारलं.

"कारण तू मला सोडणार नाहीस," बाबा म्हणाले. "माझ्यात काही उरलं नसलं तरी नळ्या लावून ठेवशील आणि उशाशी बसून रोज पेपर वाचशील. हवामानासकट. तुझ्याच्याने 'पुरे' म्हणवणार नाही. ताईला म्हणता येईल. ती रडेल, पण म्हणेल. तू तोवर फक्त जवळ बस. ते काम तुझं."

ताई एकदम म्हणाली, "मला नको हे. याचंच नाव घाला."

"ताईचं घातलंय ते बरोबर आहे," मी म्हणालो.

"रोज जवळ तू असतोस."

"म्हणूनच पडले, असं तूच म्हणाली होतीस."

"ते मी रागाने म्हणाले. घे ना तू."

"नको, तू घे."

"बाहेर जा दोघंही," बाबा म्हणाले. हॉस्पिटलमध्ये आम्हाला नर्सने घालवलं होतं, इथे पेशंटने घालवलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. सुप्रीम कोर्टाने सही इतकी मोठी केली की वहिनींना कोपऱ्यात करावी लागली. त्यानंतर माझंही झालं. डॉक्टरांशी बोलायला बायकोचं नाव घातलं आणि शिडी सामायिक ठेवली, म्हणजे आत्ता जशी आहे तशीच.

उतरताना तोच अरुंद जिना. म्हाताऱ्या माणसाला उतरवताना आपण पुढे राहावं, म्हणजे तोल गेला तर सावरता येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून घाईने पुढे सरलो. बाबांनी काठी आडवी धरली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मागून या," म्हणाले.

मी त्यांच्या खांद्याला धरून मागून उतरलो.